योजनेचे नियम आणि सिस्टिम बदलताना स्टाफला ट्रेनिंग कसं द्यायचं: पहिल्यांदाच हे काम गळ्यात पडलेल्यांसाठी

सरकारी योजनांच्या अर्जदारांची पात्रता तपासणाऱ्या ऑफिसात नियम बदलले किंवा नवीन सॉफ्टवेअर आलं की "तू जरा सगळ्यांना शिकव" हे काम कुणाच्या तरी गळ्यात पडतंच, आणि बहुतेक वेळा ज्याला कॉम्प्युटर बरा जमतो त्याच्याच गळ्यात पडतं, मग त्याला नियम येवोत न येवोत. सध्या ते तुमच्याकडे आलं असेल तर वाचा. मी यातून गेलोय, आणि कुठे गाडी अडते ते बऱ्यापैकी बघितलंय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. इथे ट्रेनिंग चांगलं झालं का हे स्टाफने फीडबॅक फॉर्मवर किती स्टार दिले त्यावरून ठरत नाही. तीच केस पहिल्या काउंटरवर नेली, चौथ्या काउंटरवर नेली, फोनवर विचारली, तरी उत्तर एकच आलं तर ट्रेनिंग झालं. उत्तर वेगवेगळं आलं की लोक "त्या मॅडमकडे जा, त्या लगेच मंजूर करतात" असं एकमेकांना सांगायला लागतात आणि ते एकदा सुरू झालं की आवरत नाही. खालच्या सगळ्या स्टेप्स याच एका कामासाठी आहेत.

हाताशी काय काय लागेल ते आधीच सांगतो, म्हणजे ऐन वेळी धावपळ नको:

- मूळ आदेश किंवा परिपत्रक, पूर्ण, सहीतारखेसकट. कुणीतरी ग्रुपवर टाकलेला सारांश चालणार नाही
- जुने नियम (हो, जुनेसुद्धा लागतात, कारण तिसऱ्या स्टेपमध्ये कळेल)
- सिस्टिमची ट्रेनिंग कॉपी, म्हणजे जिथे खोटे अर्ज भरून बघता येतात ती
- अर्जदाराला जाणाऱ्या प्रत्येक पत्राचा आणि मेसेजचा नमुना
- निर्णय ज्याच्या सहीने पक्का होतो त्या अधिकाऱ्याचा ठरलेला वेळ, रोज थोडा का होईना
- एक प्रश्नवही, कागदी किंवा शेअर केलेली शीट, काहीही

शेवटून दुसरी गोष्ट मिळवायला सगळ्यात अवघड आहे. ती मिळाल्याशिवाय कामाला हात घालू नका, हे मी अगदी हट्टाने सांगतोय.

१. नेमकं काय बदललंय ते आधी सुटं करा

"सिस्टिम बदलली" हे वाक्य सगळे एका दमात बोलतात पण त्यात तीन वेगळ्या गोष्टी असतात. नियम बदलला (कोण पात्र, उत्पन्न कसं मोजायचं), स्क्रीन बदलली (तीच माहिती आता दुसऱ्या टॅबमध्ये), आणि कामाची वाटणी बदलली (आधी एकच माणूस फाइल शेवटपर्यंत बघायचा, आता तुकडे झाले). एका कागदावर तीन रकाने पाडा आणि प्रत्येक बदल त्याच्या रकान्यात टाका.

हे का, तर ट्रेनिंगचा सगळा वेळ स्क्रीन खाते. कुठलं बटण कुठे गेलं हे दाखवायला सोपं, विचारायलाही सोपं, म्हणून चर्चा तिकडेच घसरते आणि नियमाचा बदल शेवटच्या दहा मिनिटांत "हे तुम्ही वाचून घ्या" म्हणून उरकला जातो. पण बटण सापडलं नाही तर माणूस शेजाऱ्याला विचारतो. नियम चुकीचा समजला असेल तर तो विचारतच नाही, कारण त्याला वाटतं आपल्याला येतंय.

तिसरा रकाना तर लोक विसरूनच जातात. अमेरिकेत इंडियाना राज्याने २००६ च्या शेवटी खासगी कंपनीशी मोठा करार करून कल्याणकारी योजनांचं काम कॉल सेंटर आणि डिजिटल फाइलवर नेलं. एका कुटुंबाची केस एकाच कर्मचाऱ्याकडे असायची ते मोडलं आणि ज्याच्या हाताला जे काम लागेल ते तो करणार असं झालं. कागद हरवले, "सहकार्य केलं नाही" या कारणावर अर्ज नाकारले गेले, आणि २००९ मध्ये राज्याने तो करार रद्द केला. अशा बदलात स्टाफला नुसता स्क्रीन शिकवून भागत नाही, मागच्याने काय केलंय हे पुढच्याला कळेल अशी नोंद कशी लिहायची हे शिकवावं लागतं.

२. उत्तराचा कागद एकच ठेवा

बदलाच्या काळात ऑफिसात किती कागद फिरतात बघा. मूळ आदेश, त्यावरचं स्पष्टीकरण, स्पष्टीकरणाची दुरुस्ती, कंपनीने दिलेली पीपीटी, साहेबांनी मीटिंगमध्ये तोंडी सांगितलेलं, आणि कुणीतरी वहीत उतरवून त्याचा फोटो ग्रुपवर टाकलेला. प्रत्येक जण आपापला कागद धरून बसतो.

तुम्ही एकच दस्तऐवज बनवा. वर मोठ्या अक्षरात आवृत्ती क्रमांक आणि तारीख. प्रत्येक उत्तरापुढे ते कुठल्या आदेशाच्या कुठल्या कलमातून आलं ते लिहा. बदल झाला की नवीन ओळ वेगळ्या रंगात, आणि जुनी आवृत्ती भिंतीवरून काढून टाका, हे काढणं अक्षरशः स्वतः फिरून करा, टेबलाच्या काचेखाली ठेवलेले कागदसुद्धा. काचेखालचा कागद म्हणजे वर्षानुवर्षं जिवंत राहणारी गोष्ट.

तोंडी सूचना? त्यावर एकच नियम: कागदावर येईपर्यंत ती लागू नाही. वरिष्ठांना हे आवडत नाही पण नम्रपणे सांगा, "साहेब, एवढं एका ओळीत मेल केलंत तर मी लगेच सगळ्यांना पोचवतो." बहुतेक वेळा मेल लिहिताना त्यांच्याच लक्षात येतं की सांगितलेलं थोडं वेगळं होतं.

३. तारखांचा तक्ता (इथे सगळ्यात जास्त घोळ होतात, निवांत वाचा)

समजा आधी कुटुंबातल्या सगळ्यांचं उत्पन्न धरायचे आणि आता एक तारखेपासून कमावत्या सज्ञान मुलाचं उत्पन्न धरायचं नाही असं ठरलं. एका बाईंनी अर्ज केला मागच्या महिन्याच्या अठ्ठावीसला. तुमच्या माणसाने फाइल उघडली पाच तारखेला. एक दाखला कमी होता, तो आला नऊला. आता मुलाचं उत्पन्न धरायचं की नाही?

हा प्रश्न आधी न समजावता पाच अनुभवी लोकांना वेगवेगळा विचारून बघा. कुणी म्हणेल अर्जाची तारीख बघायची, म्हणजे जुना नियम. कुणी म्हणेल निर्णय आज होतोय, नवीन नियम. कुणी म्हणेल अर्ज पूर्ण झाला नऊला, म्हणून नवीन. एखादा हुशार म्हणेल मागच्या महिन्यापुरता जुना नियम आणि या महिन्यापासून नवा, दोन वेगळे हिशोब. आणि कुणीतरी हमखास म्हणणार, "सिस्टिम काय दाखवतेय ते बघू." यातलं बरोबर उत्तर कुठलं हे आदेशावर अवलंबून आहे, मी इथून सांगू शकत नाही. पण आदेशात ते स्पष्ट नसेल (आणि बऱ्याचदा नसतं) तर ट्रेनिंगच्या आधी ते लेखी मागून घ्या, ट्रेनिंगमध्ये चर्चा करून ठरवू नका, कारण दुसऱ्या बॅचमध्ये चर्चा दुसरीकडे जाते.

तक्ता असा करा: उभ्या बाजूला अर्ज बदलाआधीचा, बदलानंतरचा, आधीचा पण अपूर्ण, नूतनीकरणाचा, आणि अपिलातून परत आलेला. आडव्या बाजूला कुठला नियम, कुठल्या तारखेपासून, सिस्टिम स्वतःहून लावते की हाताने निवडायचं. एका पानात बसला पाहिजे. हा तक्ता प्रत्येक टेबलावर असला तर बाकीचं अर्धं मॅन्युअल नसलं तरी चालतं, असं माझं मत आहे.

४. सरावाच्या केसेस स्वतः लिहा

कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये येणारी केस कायम सरळ असते. एक माणूस, एक नोकरी, सगळे कागद हजर, तीन क्लिकमध्ये पात्र. असा अर्जदार तुमच्या काउंटरवर शेवटचा कधी आला होता आठवा.

केस लिहिताना हद्दीवरच्या केसेस घ्या. उदाहरणार्थ आठवड्याचा पगार. समजा मासिक मर्यादा ९,५०० आहे आणि अर्जदाराला आठवड्याला २,३०० मिळतात. एकाने चारने गुणलं, ९,२०० आले, पात्र. दुसऱ्याने वर्षाचे ५२ आठवडे धरून १२ ने भागलं, ९,९६६ च्या वर गेलं, अपात्र. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक, दोघांनीही ट्रेनिंग केलेलं. कुठली पद्धत धरायची हे तुमच्या नियमात कुठेतरी लिहिलेलं असेल, पण सिस्टिममध्ये जर फक्त "मासिक उत्पन्न" असा एकच रकाना असेल तर हिशोब स्क्रीनच्या बाहेर, कॅल्क्युलेटरवर होतो, आणि तो कुणाला दिसत नाही. असे रकाने शोधून काढा. जिथे माणूस स्क्रीनच्या बाहेर काहीतरी ठरवून मग आत टाकतो, तिथे उत्तरं फाटतात.

आणखी एक प्रकार घ्याच घ्या, कुटुंबातल्या एकाची पात्रता आणि दुसऱ्याची अपात्रता. अमेरिकेत कोविडच्या काळात मेडिकेडमधून (कमी उत्पन्नवाल्यांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) नावं काढणं थांबवलं होतं, ते एप्रिल २०२३ पासून परत सुरू झालं. आपोआप नूतनीकरण करताना कित्येक राज्यांच्या सिस्टिम प्रत्येक माणसाची पात्रता वेगळी न बघता अख्ख्या घराची एकत्र बघत होत्या. मुलांसाठी उत्पन्नाची मर्यादा जास्त असते, म्हणजे आईवडील बसत नसले तरी मूल बसू शकतं, पण घराचा फॉर्म परत आला नाही म्हणून मुलांचंही कव्हर गेलं. ३० राज्यांत हे सापडलं आणि सप्टेंबर २०२३ मध्ये जवळपास पाच लाख लोकांचं कव्हर परत देतोय असं केंद्र सरकारने जाहीर केलं, त्यात बरीचशी मुलं होती. तुमच्याकडच्या सरावात "वडील अपात्र, मुलगी पात्र" अशी एक केस असेल आणि ट्रेनिंग कॉपीमध्ये ती चालवून बघितली, तर अशी गडबड सिस्टिममध्येच असेल तर ती खऱ्या माणसाला लागायच्या आधी दिसते.

केसेस दहा-बारा पुरतात. प्रत्येकीचं उत्तर आधी त्या सही करणाऱ्या अधिकाऱ्याकडून पक्कं करून घ्या. आणि खऱ्या अर्जदाराची नावं, नंबर वापरू नका, "ट्रेनिंगच तर आहे" म्हणून खरी फाइल स्क्रीनवर लावतात, ते अजिबात नको.

५. कुणाला, कधी

यादी करताना काउंटरवाले आणि तपासणीवाले आठवतात. फोनवर बसणारे, कंत्राटी डेटा एंट्रीवाले, अपील बघणारे, दुसऱ्या पाळीतले, रजेवर असलेले, आणि दारात उभं राहून "हा कागद आणा, तो कागद आणा" सांगणारा सिक्युरिटीवाला, हे सुटतात. त्या शेवटच्या माणसाला हसू नका. लोक त्याचं ऐकून परत जातात, काउंटरपर्यंत पोचतच नाहीत, आणि असं परत गेलेलं माणूस कुठल्याच रिपोर्टमध्ये दिसत नाही. त्याला अर्धा तास द्या आणि काय सांगायचं नाही ते सांगा.

सुपरवायझर सगळ्यात आधी. स्टाफ अडला की पहिल्यांदा त्यांच्याकडे जाणार, आणि ते जर "मी पण अजून केलं नाही ट्रेनिंग" म्हणाले तर तुमची मेहनत पाण्यात.

कधी, तर फार आधी नको. तारीख पुढे ढकलली जातेच (सॉफ्टवेअर वेळेवर आलेलं मी तरी बघितलं नाही) आणि लोक विसरतात. बदलाच्या आधीच्या दोन आठवड्यांत मुख्य ट्रेनिंग, आणि तारीख ढकलली गेली तर सरावाच्या केसेस परत एकदा. ते एकदा झालंय म्हणून सोडून देऊ नका.

वरच्या लोकांसमोर एक मुद्दा जोरात मांडा: चालू व्हायच्या आसपास माणसं कमी करू नका. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्याने सप्टेंबर २०१६ मध्ये अन्नमदत, मेडिकेड वगैरे योजना एकत्र करणारी सिस्टिम चालू केली. ती तयार नाही असा इशारा केंद्राच्या खात्याने आधी दिला होता, आणि नवीन सिस्टिममुळे काम कमी होणार या हिशोबाने अनुभवी कर्मचारी आधीच कमी केले होते. हजारो अर्ज तुंबले, मामला कोर्टात गेला. नवीन सिस्टिमवर सुरुवातीला प्रत्येक केसला जास्त वेळ लागतो, ही साधी गोष्ट बजेटवाल्यांना पचत नाही. उलट ब्रिटनने युनिव्हर्सल क्रेडिट (अनेक भत्ते एकत्र करणारी योजना) २०१३ मध्ये एकाच ठिकाणाहून, ॲश्टन-अंडर-लाइनपासून, तेही सगळ्यात सोप्या केसेस घेऊन सुरू केलं. त्या योजनेवर टीका भरपूर झाली, उशीरही खूप झाला, पण छोट्या ठिकाणी आधी चालवून बघायची कल्पना घेण्यासारखी आहे. तुमच्याकडे दोनच काउंटर आधी सुरू करता आले तरी करा.

६. शिकवणारे अनेक असतील तर

चार जण चार बॅचना शिकवणार असतील तर चार नियम तयार होतात. स्लाइड एकच असली तरी. फरक पडतो तो प्रश्नोत्तरांत. म्हणून शिकवणाऱ्यांना एकत्र बसवा, त्याच दहा-बारा केसेस त्यांना न बोलता, वेगवेगळं सोडवायला द्या, आणि जिथे उत्तर वेगळं आलं तिथे थांबा. मग प्रत्येकाने एक विषय बाकीच्यांसमोर शिकवून दाखवायचा.

वर्गात ज्याचं उत्तर माहीत नाही असा प्रश्न आला की ठरलेलं वाक्य: "हे प्रश्नवहीत लिहितो, उद्यापर्यंत लेखी उत्तर सगळ्यांना मिळेल." अंदाजाने दिलेलं उत्तर चहाच्या सुट्टीपर्यंत नियम झालेलं असतं.

७. पहिले काही आठवडे

खरं ट्रेनिंग आता सुरू होतं. रोज सकाळी काउंटर उघडायच्या आधी दहा मिनिटं उभ्या-उभ्या, काल प्रश्नवहीत काय आलं आणि उत्तर काय. जास्त लांबवू नका, लोक यायचे बंद होतात.

प्रश्नवहीचे रकाने: तारीख, काउंटर, प्रश्न, तोपर्यंत काय केलं, लेखी उत्तर, उत्तर कुणी दिलं, आणि आधीच्या कुठल्या केसेस परत उघडायच्या. हा शेवटचा रकाना ठेवाच. सोमवारी चुकीचं उत्तर गेलं आणि गुरुवारी बरोबर उत्तर कळलं, तर मधल्या तीन दिवसांतल्या लोकांचं काय? ती यादी तेव्हाच काढली नाही तर नंतर कुणी काढत नाही.

मग जुगाड. सिस्टिम एखादी तारीख घेत नाही, मग कुणीतरी शोधून काढतं की एक तारीख टाकली की पुढे जातं, आणि दुपारपर्यंत अख्खा मजला तेच करतो. पुढे कधीतरी नूतनीकरणात ती खोटी तारीख उगवते आणि पैसे थांबतात. अशी तात्पुरती सोय लागणारच, त्याला इलाज नाही, पण ती लेखी, क्रमांक दिलेली, आणि "इथपर्यंतच चालेल" अशी संपायची तारीख असलेली हवी, आणि जिच्यात ती वापरली त्या केसवर खूण हवी.

"सिस्टिम नाही म्हणतेय" हे उत्तर म्हणून चालणार नाही हे पहिल्या दिवसापासून बजावा. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये २०१३ ते २०१५ दरम्यान बेरोजगारी भत्त्याच्या सिस्टिमने सुमारे ४०,००० लोकांवर फसवणुकीचा ठपका ठेवला, आणि मशीनने एकट्याने दिलेले निर्णय नंतर तपासले तर ९३ टक्के चुकीचे निघाले. ऑस्ट्रेलियात रोबोडेटमध्ये (जादा दिलेला भत्ता आपोआप शोधून वसूल करायची सरकारी पद्धत) वर्षाचं उत्पन्न पंधरवड्यांत सारखं वाटून लोकांवर कर्ज दाखवलं गेलं, म्हणजे सहा महिने काम करून सहा महिने घरी बसलेला माणूस वर्षभर कमावतोय असं धरलं. आतल्या कर्मचाऱ्यांनी हे चूक आहे असं सांगितलं होतं, ऐकलं गेलं नाही, २०२३ मध्ये चौकशी आयोगाने सगळं उघड केलं. तुमच्या ट्रेनिंगमध्ये एक पान असं हवं की नियम आणि स्क्रीन जुळत नसेल तर थांबायचं कसं, कुणाला कळवायचं, आणि तोपर्यंत समोरच्याला काय सांगायचं. ते वाक्यसुद्धा लिहून द्या: "तुमचा अर्ज नाकारलेला नाही, एक गोष्ट तपासायची आहे, अमुक तारखेपर्यंत कळवतो." आणि ती तारीख पाळा.

८. उत्तरं खरंच एक आहेत का, तपासा

महिन्याभराने एक नवीन केस लिहा, आधीच्या सरावात नसलेली, आणि सगळ्यांना एकाच दिवशी सोडवायला द्या. नावं लिहू नका सांगा, फक्त काउंटर की फोन की तपासणी एवढंच. सगळे एकच चूक करत असतील तर कागदात चूक आहे. एकाच टीमची उत्तरं वेगळी असतील तर त्यांच्या सुपरवायझरशी बोला. उत्तरं सगळीकडे विखुरली असतील तर नियमच स्पष्ट नाही, तो वर पाठवा.

हे शिक्षेसाठी वापरलं जाणार नाही हे आधीच वरून लेखी घ्या. एकाला जरी मेमो गेला तर पुढच्या वेळी सगळे शेजारच्याच्या कागदात बघून लिहितील आणि तुम्हाला छान एकसारखी उत्तरं मिळतील, उपयोग शून्य.

९. राहिलेल्या बारीकसारीक गोष्टी

अर्जदाराला जाणारं पत्र स्टाफला वाचायला लावा, मोठ्याने. स्टाफला ते समजावून सांगता येत नसेल तर लोक तेच पत्र घेऊन रांगेत येणार.

व्हिडिओ रेकॉर्डिंग करून ठेवा, पण दुसऱ्या आवृत्तीनंतर ते जुनं होतं, त्यावर तारीख टाका नाहीतर नवीन माणूस सहा महिन्यांनी तेच बघून शिकतो.

मधेच रुजू झालेल्यांना शेजारच्या टेबलावर बसवून "बघून शीक" करू नका, शेजारचा जे चुकतो तेच तो शिकतो. तेच तक्ते, त्याच केसेस, उत्तरं सांगण्याआधी स्वतः सोडवायच्या, आणि पहिल्या काही फाइलींवर दुसऱ्याची नजर.

शेवटचं म्हणजे उत्तराचा कागद आणि प्रश्नवही कुणाच्या नावावर आहे ते ठरवून टाका. तुमची बदली झाली, तुम्ही रजेवर गेलात, तर दुसरं नाव कोण, तेही त्याच कागदाच्या वरच्या कोपऱ्यात, आवृत्ती क्रमांकाच्या शेजारी लिहा. शीटचा पासवर्ड त्या दुसऱ्या माणसाकडे आहे का ते आजच बघून घ्या.